दूधवाले काका, हे पत्र तुम्हाला

काका, सादर नमस्कार.

तुमचा फोन साधा आहे, त्यामुळे हे पत्र तुम्हाला नातू वाचून दाखवेल. त्याला एवढंच सांगणं आहे की मधलं काही गाळू नकोस. चारचौघांत लिहितेय, कारण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही मानू देत नाही. निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आले होते. तुम्ही एक पेढा तोंडात टाकलात आणि ‘जाय पोरी, गाडी चुकंल’ म्हणून मला वाटेला लावलंत.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचा निफाड तालुका द्राक्षांचा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर-जानेवारीत कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या गावाचं नाव येतं. गोदावरी-कादवेच्या या सखल, मोकळ्या रानात रात्रीची गार हवा तळाशी साचून राहते. तेव्हा बागांत मणी भरत असतात. गारठ्याने मण्यांची फुगवण थांबते, तयार मणी तडकतात. म्हणून शेतकरी पहाटे उठून बागेला पाणी देतात, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. त्याच वेळेला मी मळ्यातून सायकल काढायचे. निफाड स्टेशन सात किलोमीटर, तिथून नाशिकरोडची गाडी, पुढे नर्सिंगचा वर्ग. गाडी चुकली तर अख्खा दिवस बुडायचा.

पहिल्या हिवाळ्यात मी दोन स्वेटर, त्यावर जर्किन, पायात दोन-दोन मोजे असं सगळं चढवून निघायचे. दोन किलोमीटरांत आतून घामाने भिजायचे. प्लॅटफॉर्मवर उभी राहिले की तोच घाम गार पडायचा आणि दातावर दात आपटायला लागायचे. हात मात्र उघडे. ब्रेक दाबायला अडचण होते म्हणून मी हातमोजे घालत नव्हते.

त्या दिवशी कालव्याच्या उतारावर समोर उसाची बैलगाडी आली. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबतेय असं मला वाटलं. बोटं वळलीच नाहीत. सायकल चारीत गेली आणि मी बांधावर आपटले. लागलं फारसं नाही, पण हातांकडे बघून मला रडू फुटलं. बोटं पांढरीफटक पडली होती आणि माझी वाटतच नव्हती.

मागून तुम्ही आलात, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. सायकल झाडाला टेकवलीत. बांधावर शेकोटी पेटलेली होती, मी तिकडे धावले, तर तुम्ही माझं मनगट धरून मागे ओढलंत. ‘बधिर हाताला चटका कळत नाही, पोरी. कातडं जळून जाईल.’ मग मला मोटारीच्या पाइपापाशी नेलंत. बागेला पाणी चालू होतं आणि विहिरीच्या त्या पाण्यातून वाफ निघत होती. त्यात तुम्ही माझे हात धरून ठेवलेत. आधी काहीच कळेना. मग मुंग्या आल्या, मग ठणका, आणि बोटं हळूहळू लाल झाली. पुढे वर्गात मॅडमनी हेच शिकवलं की बधिर अवयव चोळायचा नाही, आगीजवळ न्यायचा नाही, कोमट पाण्यात धरायचा. मला ते आधीच पाठ होतं.

माझी सायकल तुम्ही दुसऱ्या दिवशी बघितलीत. तुमच्या सायकलीचं हँडल मी तेव्हा जवळून पाहिलं. मुठीवर जुन्या घोंगडीचा तुकडा, त्यावर फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या तिरप्या आवळलेल्या. ब्रेकच्या लोखंडी दांड्यालासुद्धा लोकर गुंडाळलेली, वापरून वापरून काळी, गुळगुळीत झालेली. ‘लोखंड हाताची ऊब पिऊन टाकतं’ म्हणालात आणि स्टेशनच्या कट्ट्यावर बसून माझ्याही हँडलला तसंच करून दिलंत. त्या नादात तुमच्या दोन घरांच्या रतिबाला उशीर झाला, हे मला नंतर कळलं.

मग वर्तमानपत्र. स्टॉलवरून शिळा अंक घेतलात, तीन पानं एकावर एक घडी केलीत आणि स्वेटरच्या आत, छातीवर घालायला सांगितलंत. मला खरं वाटेना. पण सायकलवर बसलं की वारा नसला तरी आपल्या वेगाचा वारा छातीवर येतोच. पारा पाचवर असताना ताशी पंधरा किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या अंगाला ते दोन अंशांसारखं जाणवतं. कागद तो वारा अडवतो, घड्यांमधली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. स्टेशनवर पोचलं की ओलसर झालेली पानं काढून टाकायची. काका, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. फ्रान्समध्ये 1903 पासून सायकलींची मोठी शर्यत होते. तिथले खेळाडू घाटमाथ्यावर बघ्यांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत कोंबायचे आणि मग उतार उतरायचे. तुम्ही ते कधी पाहिलेलं नाही, तरी तुमच्या छातीवरही तोच कागद होता.

घामाचंही तुम्हीच सांगितलंत: ‘निघताना थोडं काकडलंच पाहिजे. दारातच ऊब लागली तर वाटेत भिजशील.’ दुसऱ्या दिवसापासून एक स्वेटर कमी केला, पिशवीत कोरडं बनियन ठेवलं. मोज्यांचा दुसरा जोडही काढायला लावलात, कारण बूट आवळला की रक्त खेळत नाही आणि बोटं आणखी गारठतात. कानटोपी मात्र सोडू दिली नाहीत. इतक्या साध्या गोष्टी, आणि मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. दुकानात महागडं जर्किन दाखवणारे पुष्कळ भेटले.

त्यानंतर दोन हिवाळे मी त्याच रस्त्याने गेले. एकदाही गाडी चुकली नाही आणि एकदाही ब्रेक फसला नाही. आता नाशिकला वॉर्डात रात्रपाळी असते. थंडीत पहाटे पेपर टाकणारी, दूध घालणारी मुलं बधिर हात घेऊन येतात. मी त्यांना हीटरपाशी जाऊ देत नाही, आधी कोमट पाण्याचं भांडं पुढे ठेवते. तेव्हा तो पाइप आठवतो, आणि माझ्या हातांवरचे तुमचे खरबरीत हात.

भावाबरोबर लोकरीचे हातमोजे पाठवतेय, मी स्वतः विणलेत. चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतील आणि ब्रेकही दाबता येईल. माप अंदाजाने घेतलंय. अंगठ्यात घट्ट झाले तर तसं सांगा, संक्रांतीला येईन तेव्हा उसवून नीट करून देते.

तुमची,
कालव्यावर पडलेली पोर