वारीचे फोटो : फोकस पॉइंट कॅमेऱ्यावर सोडू नका

महोदय,

आषाढी वारी जवळ आली की वाचकांच्या छायाचित्रांचा ओघ सुरू होतो. त्यांतल्या कितीतरी छायाचित्रांत पुढची पताका किंवा टाळ धरलेला हात लख्ख असतो आणि मागच्या वारकऱ्याचा चेहरा मात्र धूसर. दोष लेन्सला दिला जातो. बहुतेक वेळा सगळे फोकस पॉइंट (चौकटीतल्या ज्या बिंदूंवर कॅमेरा फोकस जुळवतो ते) चालू ठेवून निवड कॅमेऱ्यावर सोडलेली असते, एवढेच त्याचे कारण. चेहरा ओळखण्याची सोय बंद असेल, तर कॅमेरा साधारणपणे सर्वांत जवळची, ठळक कडांची वस्तू धरतो. दिंडीत ती वस्तू चेहरा क्वचितच असते.

आधी फोटो मोठा करून पाहावा. दुसरे काहीतरी स्पष्ट असेल तर फोकस चुकला. सगळेच एका दिशेला ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला. फक्त हलते टाळ पुसट असतील तर शटरचा वेग कमी पडला. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

उभ्या किंवा बसलेल्या माणसासाठी एकच पॉइंट निवडावा, फोकस ‘वन शॉट’वर (निकॉनवर ‘एएफ-एस’), म्हणजे एकदा जुळला की तिथेच लॉक होणारा, ठेवावा आणि पॉइंट जवळच्या डोळ्यावर आणावा. पांढऱ्या सदऱ्याच्या सपाट भागावर तो ठेवला तर लेन्स मागेपुढे फिरत राहते, कारण तिथे पकडायला कडाच नसते. टोपीची किनार, कपाळावरचा गंध-बुक्का, पांढरी दाढी चालते. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) फक्त मधला पॉइंट क्रॉस प्रकारचा, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा आहे. बाजूचा पॉइंट अडला तर कॅमेरा थोडा तिरका करून फोकस घ्यावा. पहाटेच्या अंधारात मधलाच वापरावा.

मधल्या पॉइंटने फोकस लॉक करून चौकट बदलणे सर्रास चालते. चौकट थोडी सरकवली तर बिघडत नाही. पण अशा कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, ॲपर्चर (लेन्समधले छिद्र) मोठे म्हणजे एफ १.८ आणि एक मीटर अंतर असेल, तर पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा सारा अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतो. चेहरा मधून थेट कडेला नेला की फोकस डोळ्याच्या सुमारे दोन सेंटिमीटर मागे, कानाकडे जातो. तिथे कडेचा पॉइंट निवडावा किंवा ॲपर्चर लहान करून एफ ४ ठेवावे.

रिंगणाची गोष्टच निराळी. पालखी मार्गावरच्या बाजीरावाच्या विहिरीजवळ धावत्या अश्वावर ‘वन शॉट’ निरुपयोगी आहे. फोकस लॉक झाल्यानंतर शटर पडेपर्यंत अश्व पुढे गेलेला असतो. इथे ‘एआय सर्व्हो’ किंवा (निकॉनवर) ‘एएफ-सी’, म्हणजे सतत जुळत राहणारा फोकस, एक मुख्य पॉइंट व त्याला आजूबाजूच्या पॉइंटची साथ, आणि शटर १/१००० किंवा अधिक वेगवान. अश्व समोर आल्यावर बटण दाबू नये. तो लांब असतानाच अर्धे बटण दाबून त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत आणावा, म्हणजे कॅमेऱ्याला वेगाचा अंदाज बांधायला वेळ मिळतो. डोके वरखाली होते, म्हणून पॉइंट मान आणि छाती जुळते तिथे ठेवावा. मध्येच पताका आडवी आली तर फोकस तिच्यावर उडी मारतो. वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करून (निकॉनवर लॉक-ऑनचा विलंब वाढवून) ते बरेचसे टाळता येते. आणि यांपैकी कशासाठीही रिंगणाच्या आत शिरू नये. अश्वाची वाट मोकळी हवी.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यातली डोळा ओळखण्याची सोय उत्तम आहे, पण गर्दीत ती शेजारचा चेहरा धरते. आधी हव्या त्या माणसावर पॉइंट ठेवून मग तिला काम करू द्यावे.

आपण वाचकांची छायाचित्रे छापता, तेव्हा खाली नावाबरोबर फोकसची पद्धत, ॲपर्चर आणि शटर यांची एक ओळ द्यावी, ही विनंती. नवख्यांना चांगल्या फोटोमागची निवड त्यातून थेट कळेल.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, पुणे