बक्षीस द्या, पण आधी इमारत वापरात येऊ द्या

संपादक महोदय, नमस्कार.

सार्वजनिक इमारतींना आर्किटेक्चरचे पुरस्कार मिळाले की तुम्ही आवर्जून बातमी देता, हे छानच आहे. पण सोबतच्या फोटोत बहुतेक वेळा माणूसच नसतो. चकचकीत फरशी, भलीमोठी काच, वर निळं आभाळ. अहो, ग्रंथालय असो, दवाखाना असो की शाळा, ती चांगली झालीय का हे लोक वावरायला लागल्यावरच कळणार ना.

म्हणून मला आर्किटेक्चरसाठीच्या आगाखान पुरस्काराची पद्धत मनापासून पटते. १९७७ मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार दर ३ वर्षांनी देतात, रक्कम १० लाख डॉलर, पण मला त्यांचे नियम जास्त मोलाचे वाटतात. इमारत किमान वर्षभर वापरात असली पाहिजे, निवडक यादीत आलेल्या ठिकाणी तज्ज्ञ स्वतः जाऊन पाहणी करतात आणि बक्षीस एकट्या आर्किटेक्टला न देता गवंडी, कारागीर, इंजिनियर, काम करून घेणारे अशा सगळ्यांच्या कामाची दखल घेतली जाते.

२००४ मध्ये आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांडो गावच्या प्राथमिक शाळेला तो मिळाला. शाळेचे आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे त्याच गावचे, त्यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन मातीत थोडं सिमेंट मिसळून विटा पाडल्या, वर्गावर विटांचंच छत घातलं आणि पत्रा त्याच्या बराच वर, लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर उचलून धरला, त्यामुळे गरम हवा मधल्या फटीतून निघून जाते आणि पोरांना भर उन्हाळ्यात वर्गात बसता येतं. याच केरेंना पुढे २०२२ मध्ये प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं मोठं बक्षीस मिळालं. तसंच फ्रान्समधल्या बोर्दोचं, तिथे १९६० च्या दशकातल्या तीन इमारती न पाडता ५३० घरांना बाहेरून नवीन काचेच्या गॅलऱ्या जोडल्या, तेही रहिवाशांना घराबाहेर न काढता, आणि २०१९ चा युरोपियन युनियनचा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार या कामाला मिळाला. हे वाचून खरंच आनंद झाला होता.

तेव्हा असे पुरस्कार देणाऱ्या सगळ्यांनाच विनंती आहे, परीक्षकांनी भर दुपारी जावं, मुसळधार पावसातही जावं. व्हीलचेअरवरच्या माणसासोबत रॅम्प चढून बघावा, कारण ड्रॉइंगमध्ये रॅम्प असतो पण वर पोचल्यावर गेटला कुलूप असतं, असं फार ठिकाणी होतं. सफाई करणाऱ्या बाईंना विचारावं की त्या उंच काचा पुसायच्या कशा, शिडी लावायला जागा आहे का, पाणी कुठून आणता. स्वच्छतागृहात तर जावंच!

आणि तुम्हालाही एक सांगणं, पुढच्या वेळी अशी बातमी आली की इमारत गजबजलेली असतानाचा फोटो छापा आणि तिथे रोज येणाऱ्या दोन-चार जणांना काय वाटतं तेही चार ओळींत द्या.

आपला एक वाचक