तुरुंगात बसून घेतलेला सूड: अण्णांना पत्र

फिलाडेल्फिया

ती. अण्णांना सा. न. वि. वि.

मायचे गुडघे कसे आहेत ते कळवा. इथं थंडी पडायला लागली, बाकी मी बरी आहे. आजचं पत्र एका सिनेमापायी लिहितेय. 'लॉ अबायडिंग सिटिझन', २००९ चा, दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे. गोष्ट याच शहरात घडते. तुम्हाला आधी गोष्ट कळली तरी सिनेमा तेवढाच आवडतो, म्हणून सगळी सांगते.

क्लाईड शेल्टन नावाच्या इंजिनिअरच्या घरात दोन चोर घुसतात आणि त्याच्या बायकोला, चिमुरड्या लेकीला मारतात. पुरावा टिकणार नाही या धास्तीनं सरकारी वकील निक राईस खऱ्या खुन्याशीच तडजोड करतो. तो साथीदारावर साक्ष देतो आणि थोडक्या शिक्षेत सुटतो, साथीदाराला मात्र मृत्युदंड. दहा वर्षांनी क्लाईड एकेकाला संपवायला लागतो. पकडला जातो, एकांत कोठडीत जातो, तरी बाहेर माणसं मरतच राहतात! न्यायाधीश बाईंचा तर मोबाईल कानाशीच फुटतो. शेवटी कळतं की यानं तुरुंगाजवळची जागा आधीच घेऊन एकांत कोठड्यांपर्यंत भुयारं खणून ठेवली होती.

एकट्यानं एवढं खोदलं, माती कुठं नेली, कुणालाच कसं दिसलं नाही? काहीच पटत नाही. तरी मी जागची हलले नाही. जेरार्ड बटलर (क्लाईड) आणि जेमी फॉक्स (निक) समोरासमोर बसले की पुढं काय होणार याचा अंदाजच लागत नाही.

भुयाराची गंमत सांगते. इथं १८२९ साली सुरू झालेला एक जुना तुरुंग आहे, ईस्टर्न स्टेट. १९७१ ला बंद झाला, आता तिथं संग्रहालय आहे. १९४५ मध्ये तिथले बारा कैदी खरोखरच भुयार खणून बाहेर पडले होते. पण ते आतून खणलेलं, पळण्यासाठी. बाहेरून कोठडीकडं खणत येणारा हा सिनेमातला.

ती तडजोड मात्र सिनेमावाल्यांनी रचलेली नाही, अण्णा. इथं नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपींची शिक्षा खटला न चालता, अशा कबुलीवरच ठरते. आपल्याकडं २००६ पासून प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड) आलं, पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला ते नाही, बाईवरच्या किंवा लेकरावरच्या गुन्ह्यालाही नाही. म्हणजे प्ली बार्गेनिंगखाली तरी तो सौदा अंबाजोगाईच्या कोर्टात झाला नसता. हे वाचून मला फार बरं वाटलं.

शेवट मला आवडला नाही. क्लाईडचा बॉम्ब निक त्याच्याच कोठडीत नेऊन ठेवतो आणि निघून येतो. आयुष्यभर कायद्याचं नाव घेणाऱ्यानंच तो बाजूला ठेवला, आणि सिनेमा त्यालाच जिंकवतो. क्लाईडचं सूड घेणं चूक होतं, पण त्याचा प्रश्न खरा होता: माझ्या लेकीचा निकाल मला न विचारता कसा लावला? त्याचं उत्तर कुणीच देत नाही.

तुम्ही बेलीफ होता. समन्स घेऊन बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांवर जायचात, तेव्हा घरातली म्हातारी माणसं तुम्हालाच विचारायची, "साहेब, निकाल कधी?" तुमच्या हातात तर नुसती पुढची तारीख असायची. तुम्ही काय सांगायचात त्यांना? रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा सांगा. सिनेमा सोबतच बघू, मी मराठीत सांगत जाईन. थोडा रक्ताचा आहे, मायला नका बसवू.

तुमची लेक
सुमन