गाडी घे, पण आत्ता नको

प्रिय मनू,

परवा तू रागाने फोन ठेवलास, म्हणून लिहितेय. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो.

तुझ्या मालिकेचा मंगळवारचा भाग पाहिला. सासऱ्यांसमोरचा सीन. तिथे कुणीही ओरडलं असतं, तू आवाज खाली नेलास. ग्लिसरीन कुठे असतं आणि कुठे नसतं हे मला कळतं गं. माईंनी तर उठून देवापुढे साखर ठेवली.

गाडीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझं म्हणणं खोटं नाही. पॅकअपला रात्रीचे दहा होतात, सेट कोल्हापूरच्या बाहेर आणि तू एकटी. पण घरी सोडायची व्यवस्था प्रॉडक्शनने करायची असते. ती मागून घे, लाजू नकोस. त्यासाठी पाच वर्षांचे हप्ते कशाला? तुला महिन्याचा पगार नाही, पर डे आहे, शूटिंगचे दिवस भरतील तेवढेच पैसे. या महिन्यात बावीस दिवस लागले, पुढच्या महिन्यात कथेचा ट्रॅक दुसऱ्या पात्रांकडे फिरला की आठ. पैसे येणार नव्वद दिवसांनी, तेही दहा टक्के टीडीएस कापून. बँक मात्र ठरल्या तारखेला हप्ता घेते. गुरुवारी रेटिंग पडलेलं दिसलं की मालिका कधी गुंडाळतील सांगता येत नाही, मग तिथे नायिका असलीस तरी काय.

२०२० आठवतं? १९ मार्चपासून शूटिंग बंद झालं. मेकअप रूममध्ये तुला नेलपॉलिश लावून देणारी ती ताई, तिने जानेवारीतच गाडी घेतली होती. जूनमध्ये विकली.

आणि २०२१ चा एप्रिल. महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले आणि आमचं युनिट गोव्याला गेलं. मी गेले, कारण घराचा हप्ता होता. दहावीची परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा मी तिकडे नऊवारी नेसून शॉटची वाट बघत बसले होते. तू फोनवर म्हणालीस, ‘आई, मग एवढा अभ्यास केला त्याचं काय करू?’ मला उत्तर देता आलं नाही, असिस्टंट बोलवायला आला होता. त्या दिवशी मला तुझ्याजवळ असायचं होतं. हप्ता डोक्यावर असला की ‘नाही’ म्हणता येत नाही, मनू. तापात नाही, पटत नसलेल्या सीनला नाही, मुलगी रडत असली तरी नाही. तुझं वय आत्ता ‘नाही’ म्हणायला शिकायचं आहे.

बघ, व्याख्यान झालंच. राग मानू नकोस. तुझ्या वयाची असताना मी दादरहून शेवटची लोकल पकडून यायचे, आजोबा स्टेशनवर उभे असायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. तसं गप्प राहणं मला जमत नाही. तू कोल्हापुरात आहेस आणि स्टेशनवर उभं राहायला मी नाही, त्याचीच भीती वाटते, आणि ती पैशांच्या हिशेबातून बाहेर पडते. तुझं काम बघून छाती भरून येते हेही तितकंच खरं.

टीवायचं शेवटचं सेमिस्टर आहे, परीक्षेच्या तारखा प्रॉडक्शनला आत्ताच लेखी कळव. भागांची बँक ठेवायला, म्हणजे तुझे सीन आधीच शूट करून ठेवायला, त्यांना वेळ मिळेल. आयत्या वेळी सांगितलंस तर सोडणार नाहीत.

सहा महिन्यांचे पैसे खात्यात साठू देत, मग मी स्वतः तुझ्याबरोबर शोरूममध्ये येईन, रंगही तूच निवड. तोवर गाडीच्या कर्जावर सही करू नकोस. केली असशील तर आजच सांग, मी चिडणार नाही. रविवारी बाबा येताहेत, त्यांच्याकडे मालिकेच्या अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स दे. नोटीस पिरियडचं कलम मला वाचायचं आहे.

तुझी,
आई