फुलं येईपर्यंत नाव न सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आभार मानत बसू नका, त्यापेक्षा झाड कसं ओळखलं ते चार लोकांना कळेल असं लिहा, असं तुम्ही म्हणालात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. आभार मात्र मानणारच, तेवढं चालवून घ्या.

राजापूर तालुक्यात मामेभावाने कलमं लावायला सड्याच्या (जांभ्या खडकाच्या माळाच्या) कडेची स्वतःची जागा साफ करायला काढली. जेसीबी लागायच्या आत मी तिथले काही खुंट उकरून पुण्याला आणले. त्यातला हा एक. वर्षानुवर्षं भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) कवळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडून तोडून त्याची उंची गुडघ्याएवढीच राहिलेली आणि बुंधा मांडीएवढा जाड. बोन्सायवाल्याला असा बुंधा पैसे मोजूनही मिळत नाही. पहिल्याच पावसाळ्यात चांगला फुटला. पण हा आहे तरी कोण, ते कुणी सांगेना.

आमच्या मंडळींचा कौल जांभळाकडे. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, म्हणजे जांभूळ नाहीतर त्याचा भाऊबंद. मोबाइलचं ॲप दर फोटोला नवं नाव देत होतं. तुम्ही फोटो पाहिलेत आणि एवढंच म्हणालात, "फांदी घेऊन या."

त्या दुपारी तुमच्या टेबलावर जे झालं, त्यासाठीच खरं तर हे पत्र. तुम्ही पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलंत. जांभळाचा तो ओळखीचा वास नव्हता. मग अंगणातल्या जांभळाचं पान आणि हे पान, दोन्ही खिडकीतल्या उजेडासमोर धरून भिंगातून बघायला लावलंत. जांभळाच्या पानात बारीक पारदर्शक ठिपके आणि कडेकडेने धावणारी शीर. आमच्या पानात ठिपका नाही, मधली शीर सोडली तर बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. जांभूळ बाद. देठ मोडला, चीक नाही, म्हणजे करवंदाचं कूळ बाद. समोरासमोरच्या दोन देठांच्या मधे उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी इवलीशी पानं) नाहीत, म्हणजे गेळ्याचं कूळही बाद. नाव तेव्हाच तुमच्या ओठांवर होतं, याची मला आता खात्री आहे. पण तुम्ही म्हणालात, "फुलं दाखवा. तोवर कात्री लावायची नाही."

बाई, बोन्सायवाल्याला कात्री लावू नका म्हणणं म्हणजे शिक्षाच! फांद्या सैरावैरा वाढल्या, येणारे-जाणारे हसले. थंडी ओसरता ओसरता जुन्या, पानं गळून गेलेल्या लाकडावरच, जिथे कधीकाळी पानं होती त्या खुणांपाशी, निळ्या फुलांचे झुबके आले. फूल एवढंसं, पण निळा रंग असा की आधी डोळे तिथेच गेले. पाकळ्या चार, पुंकेसर आठ. तुम्ही कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतीकोशातली (1901 ते 1908) किल्ली, म्हणजे एकेका लक्षणावरून नावापर्यंत नेणारी प्रश्नमाळ, माझ्याकडूनच पायरी-पायरीने सोडवून घेतलीत आणि मग कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहातले वाळवलेले नमुने बघून यायला सांगितलंत. अंजनी. मेमेसायलॉन अम्बेलेटम. महाबळेश्वर-माथेरानला जिच्या सावलीतून आपण सगळेच चालतो, तीच.

तिच्या कुळातल्या बहुतेक झाडांच्या पानात बुडापासून टोकापर्यंत तीन-पाच ठळक शिरा असतात. अंजनीत त्या दिसत नाहीत, म्हणून नुसत्या पानावरून भले भले चकतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

नाव कळल्यावर झाडाचे हाल थांबले. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीतलं झाड माझ्याकडे बोअरचं क्षारट पाणी पीत होतं, पानं पिवळी पडणारच. आता कुंडीत जांभ्याची चाळलेली खडी आहे आणि पाणी पावसाचं साठवलेलं. लाकूड लोखंडासारखं, तेव्हा तार फक्त हिरव्या कोंबांना. छाटणी फुलं होऊन गेल्यावर. तिच्या पानांत ॲल्युमिनियम साठतं आणि म्हणून रंगारी ती रंग पक्का करायला तुरटीच्या जागी वापरत, ही गोष्ट तर मी आता भेटेल त्याला ऐकवतो. घरचे कंटाळलेत.

तुमची बोलणीही लिहून टाकतो, कारण ती माझ्यासारख्या बऱ्याच जणांना लागू आहेत. खुंट आणताना जागा, तारीख, माती, शेजारची झाडं यांची नोंद नसेल तर तो नमुना नाही, सरपण आहे, असं तुम्ही म्हणालात. राखीव जंगलातून किंवा देवराईतून काही उचललं असतं, तर दारातूनच परत पाठवलं असतं, हेही. मालकाची परवानगी आणि नाहीतरी तुटणारं झाड, या दोन्ही गोष्टी असतील तरच कुदळ उचलावी, हे आता मी आमच्या मंडळींना दर वेळी सांगतो. काहींना राग येतो.

तुम्ही मागितलेली फुलांची फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवली आहे, चिठ्ठीसह आणून देतो. फळं धरली आहेत, पण बुलबुल पिकू देतील असं वाटत नाही.

आणि एक. अंजनीच्या मूळगोळ्यातून एक काटेरी रोप वर आलंय. पान चुरगळलं की लिंबाचा वास, उजेडात धरलं की ठिपके. नाव काय असावं याचा अंदाज आहे, पण इथे लिहीत नाही. फुलं आली की घेऊन येतो.

आपला,
कात्री आवरलेला एक बोन्सायवाला