पोहे जाडे की पातळे, हे विचारणाऱ्या बाईंना

ज्यू मुलांच्या उन्हाळी कॅम्पच्या डिरेक्टरबाई, शालोम.

फोनवर इंग्रजीत तुम्हाला थँक यू म्हटलं, पण पोट भरलं नाही. म्हणून हे मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आमच्या अलिबाग-पेणच्या माणसांनाही कळू दे, अमेरिकेतल्या पोकोनोच्या डोंगरात त्यांच्या नातीला कोण भेटलं ते.

दर आठवड्याला तुम्ही पालकांना पत्र लिहायचात. शुक्रवारी संध्याकाळी पांढरे कपडे घालून तळ्याकडे निघालेली पोरं, फोन नसल्यामुळे पहिले दोन दिवस कावरीबावरी झालेली आणि मग रात्र रात्र गप्पा मारणारी पोरं. घरी रडणारं मूल तिथे दुसऱ्या रडणाऱ्याची समजूत घालतं, असंही तुम्ही लिहिलं होतंत. ती पत्रं मी जपून ठेवलीत.

पण लेकीला पाठवताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आधीच्या ज्यू धर्मशिक्षणाच्या रविवारच्या शाळेत तिला भर वर्गात विचारलं होतं, "तुम्ही ज्यू कधी झालात?" विचारणाऱ्या बाई शिक्षिका होत्या. मी भेटायला गेले, तर म्हणाल्या, कुतूहल म्हणून विचारलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, कोकणात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं आहे. एवढं असूनही बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, हे इस्रायल सरकारला १९६४ मध्ये जाहीर करावं लागलं. त्या वर्गातून आल्यावर माझी पोर महिनाभर प्रार्थनेचं पुस्तक उघडत नव्हती.

आणि एका गुरुवारी तुमचा फोन आला. माझ्या पोटात गोळाच आला. तुम्ही म्हणालात, "शनिवारी हव्दालाला आम्ही एलियाहू हानावी म्हणतो. तुमची मुलगी सांगते, तिच्या घरी त्या गाण्याबरोबर मलिदा असतो. पोहे जाडे घेऊ की पातळे?" (वाचणाऱ्यांसाठी: हव्दाला म्हणजे शनिवारी रात्री शब्बाथला निरोप देणारी प्रार्थना, एलियाहू हानावी हे एलिया संदेष्ट्याचं गाणं, आणि मलिदा म्हणजे आमचा गोड पोह्यांचा प्रसाद.)

शेकडो मुलांचा व्याप सांभाळणारी बाई मला पोहे विचारत होती! आमच्याबद्दल एकही खुलासा मागितला नाहीत. नारळ ओला की सुका, गूळ चालेल ना, वेलची किती, सगळं लिहून घेतलंत. मलिद्यात दूध नाही, मांस नाही, त्यामुळे दूध आणि मांस वेगळं ठेवणाऱ्या तुमच्या कोशर स्वयंपाकघरातही काही अडलं नाही.

फोटोत ताट पाहिलं. नारळ जरा जाडाच किसलाय, वर केळ्याच्या चकत्या आणि तिकडची ब्लूबेरी. ताट धरलंय माझ्या लेकीने, शेजारच्या मुलीच्या हातात हव्दालाची पीळ घातलेली मेणबत्ती. गाणं आमच्या चालीवर आधी तिने म्हटलं आणि मग सगळ्यांनी, असं तिनेच सांगितलं.

चांगुलपणा म्हणजे फार मोठं काही लागतं असं नाही, बाई. समोरच्याच्या घरात काय शिजतं हे आपुलकीने विचारणारी माणसं जगात आहेत, म्हणून आमच्यासारखी मूठभर माणसं कुठेही जाऊन राहू शकतात. तुमच्या स्वयंपाक्यांनाही माझा नमस्कार सांगा.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्यालाही पाठवतेय. त्याला अजून नीट पोहता येत नाही आणि तो ते कबूल करत नाही. तळ्यावर तेवढं लक्ष असू द्या.

तुमची,
न्यू जर्सीतली एक आई