‘डोके घरी ठेवून पाहा’ हे परीक्षण नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील चित्रपट परीक्षणे मी गेली अनेक वर्षे नेमाने वाचते. कौटुंबिक किंवा ऐतिहासिक चित्रपटाबद्दल लिहिताना आपले परीक्षक पटकथा, संवाद आणि अभिनय ज्या बारकाईने तपासतात, ती बारकाई मारधाडीचा विज्ञानपट समोर आला की कुठे जाते, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे. अलीकडच्या एका प्रसंगामुळे तो लिहून कळवावासा वाटला.

माझा नऊ वर्षांचा नातू सुटीत आमच्याकडे कराडला आला होता. परग्रहावरून आलेल्या शत्रूशी लढणाऱ्या एका पथकाचा चित्रपट त्या आठवड्यात लागला होता. त्याचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार चित्रपटाबद्दल नाही. परीक्षणात साडेतीन तारे होते, ‘व्हीएफएक्सची’ (म्हणजे संगणकावर घडवलेल्या दृश्यांची) ‘मेजवानी’ असे शब्द होते आणि शेवटी ‘डोके घरी ठेवून सहकुटुंब पाहावा’ असा सल्ला होता. त्या सल्ल्यावर भरवसा ठेवून आम्ही दोघे गेलो. पहिल्या अर्ध्या तासातच नातवाने कानांवर हात ठेवले आणि एका दृश्यात तर त्याने माझ्या खांद्यात तोंड खुपसले. मध्यंतरात आम्ही बाहेर आलो ते परत आत गेलो नाही. जिन्यात त्याने मला विचारले, ‘‘आजी, तो हिरवा कोट घातलेला माणूस मघाशी मेला होता ना? मग परत कसा आला? आणि त्याला परत जिवंत होता येतं, तर बाकीचे सगळे एवढे घाबरतात कशाला?’’ मला उत्तर देता आले नाही. परीक्षण घरी येऊन पुन्हा वाचले, तर त्यातही हा प्रश्न कुणाला पडलेला दिसला नाही.

चित्रपट सुरू होताना पडद्यावर आलेल्या प्रमाणपत्रावर ‘यूए १३+’ असे होते, पण तोवर आम्ही तिकीट काढून आत बसलो होतो. चित्रपट कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून ‘यूए’ या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत आणि ते मुख्यतः पालकांच्या माहितीसाठीच आहेत. परीक्षणाच्या चौकटीत कलाकारांची पाच नावे मावतात, तर हे प्रमाणपत्र आणि ते कशामुळे मिळाले असावे याची एक ओळ मावायला हरकत नसावी. रक्तपात आहे की नुसती आदळआपट आहे, भीती दाखवून घातलेली आहे की आवाजाने घातलेली आहे, हे घरातल्या लहान मुलाला बरोबर नेणाऱ्या माणसाला आधी कळले पाहिजे.

तरीही मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो नातवाचा प्रश्न. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि विज्ञानपट आवडीने पाहत आले. माझ्या समजुतीप्रमाणे अशा चित्रपटाला सुरुवातीला एक थाप मारण्याची पूर्ण मोकळीक असते. माणूस भूतकाळात जाऊ शकतो, यंत्राला भावना येऊ शकतात, मेलेला सैनिक पुन्हा उठू शकतो, हे सगळे आपण आनंदाने मान्य करतो. मात्र ती थाप एकदा मारली की तिचे नियम ठरतात आणि पुढची प्रत्येक मारामारी त्या नियमांच्या आत व्हावी लागते. नायकाला काय करता येते आणि काय करता येत नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असेल, तरच त्याचा जीव टांगणीला लागतो. नियम हवा तेव्हा वाकवला, की दहा इमारती कोसळल्या काय आणि शंभर कोसळल्या काय, पाहणाऱ्याला काहीच वाटत नाही. परीक्षकाने सामान्य वाचकासाठी सर्वांत आधी हेच तपासायला हवे.

उदाहरण मुद्दाम जुने घेते, म्हणजे कुणाचा रसभंग होणार नाही. जेम्स कॅमेरून यांचा १९९१ सालचा ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ मी पुण्याला भावाबरोबर पाहिला होता. त्यातला भविष्यातून आलेला मारेकरी यंत्रमानव द्रवरूप धातूचा आहे. ज्याला स्पर्श करील त्याचे रूप तो घेऊ शकतो आणि हाताची धारदार सुरी करू शकतो, पण बंदूक किंवा बॉम्ब यांसारखी गुंतागुंतीची वस्तू त्याला स्वतःच्या अंगातून घडवता येत नाही. हा नियम चित्रपटात एका छोट्या संवादात सांगून टाकला आहे. पुढे मनोरुग्णालयातल्या मार्गिकेत लोखंडी गजांचे दार त्याच्या वाटेत येते. तो थांबत नाही. चेहरा गजांना टेकतो, गज कपाळातून आणि गालांतून हळूहळू मागे जातात, पाठोपाठ खांदे आणि छाती पलीकडे येतात, आणि तेवढ्यात खट् असा आवाज होऊन हात मागे अडकतो. हातातले पिस्तूल आडवे आहे आणि ते गजांतून निघत नाही. तो त्याच्याकडे एकदा पाहतो, मनगट वळवून पिस्तूल अलगद ओढून घेतो आणि चालू लागतो. शरीर द्रव आहे, पिस्तूल घन आहे. दोनतीन सेकंदांच्या त्या खट् आवाजात दिग्दर्शकाने आपला नियम पाळला आहे, आणि चित्रपटगृहातल्या सगळ्यांना तो शास्त्र न शिकताही कळला होता. शेवटाकडे तोच यंत्रमानव द्रवरूप नायट्रोजनने गोठतो, त्याचे तुकडे होतात आणि पोलाद कारखान्याच्या उष्णतेने ते वितळून पुन्हा एकत्र येतात. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, हे मी पुढे कितीतरी वर्षे वर्गात याच दृश्याची आठवण देऊन शिकवले, आणि पदार्थाच्या अवस्थांचा तो धडा मुलांना कधी रटाळ वाटला नाही.

त्या चित्रपटात संगणकावर तयार केलेली दृश्ये सगळी मिळून पाच मिनिटांच्या आसपास भरतात. बाकीचे बरेचसे काम स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत बनवलेल्या बाहुल्यांनी आणि रंगभूषेने केले. म्हणून ‘व्हीएफएक्स भरपूर आहे’ किंवा ‘व्हीएफएक्स जागतिक दर्जाचे आहे’ एवढेच परीक्षणात वाचले की मला काहीच कळत नाही. लग्नाच्या जेवणाबद्दल पदार्थ किती होते एवढेच सांगावे आणि चवीबद्दल अवाक्षर काढू नये, तसे ते वाटते.

याच्या उलट टोकालाही काही परीक्षक जातात, तेही मला पटत नाही. अवकाशात निर्वात पोकळी असल्यामुळे स्फोटाचा आवाज ऐकू येणार नाही, हे मीही शिकवले आहे. परंतु अवकाशयानांच्या लढाईत आवाज आला म्हणून चित्रपट मोडीत काढणे म्हणजे नाटकात चौथी भिंत कुठे आहे असे विचारण्यासारखे आहे. शास्त्रातली चूक आणि चित्रपटाने स्वतःशी केलेली बेइमानी यांतला फरक वाचकाला समजावून सांगणे, हेच तर परीक्षकाचे काम आहे.

कथा न फोडता नियम कसा सांगायचा, अशी अडचण कुणी पुढे करील. ती खरी नाही. डग लायमन यांच्या २०१४ सालच्या ‘एज ऑफ टुमॉरो’मध्ये रणांगणावर मेलेला नायक प्रत्येक वेळी आदल्या दिवशीच्या सकाळी जागा होतो आणि तोच दिवस पुन्हा जगतो. मरण हीच त्याची शाळा आहे, त्यामुळे पहिल्या लढाईत धडपडणारा माणूस पुढच्या लढाईत कुठे वाकायचे आणि कुठे वळायचे हे पाठ करून येतो. एवढे सांगितले तर वाचकाला चित्रपटाची जात कळते. नंतर त्या नियमाचे काय होते ते मी येथे सांगितलेले नाही, आणि परीक्षकानेही सांगू नये.

मारधाडीविषयी परीक्षणांत सहसा ‘थरारक’ किंवा ‘कंटाळवाणी’ यांपैकी एक विशेषण येते आणि विषय संपतो. कोण कुठे उभा आहे, कोण कुणाला मारतो आहे, हे पडद्यावर दिसते का, हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. जॉर्ज मिलर यांच्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५) या चित्रपटात दोन तासांत सुमारे २,७०० तुकडे जोडलेले आहेत, म्हणजे सरासरी तीन सेकंदांहूनही कमी वेळात दृश्य बदलते, आणि तरीही वाळवंटातला तो पाठलाग माझ्यासारख्या सत्तरीकडे झुकलेल्या बाईला चष्मा न पुसता समजला. छायालेखक जॉन सील यांच्याकडून मिलर यांनी महत्त्वाची गोष्ट शक्यतो चौकटीच्या मधोमध ठेवून घेतली, त्यामुळे तुकडा बदलला तरी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. हे कळायला चित्रपटशास्त्राची पदवी लागत नाही, आणि एकदा कुणी दाखवून दिले की पुढचा चित्रपट पाहताना आपले आपणच ते पाहू लागतो. वर्तमानपत्रातल्या परीक्षणाने एवढे शिकवावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आपल्याकडच्या चित्रपटांचे तर अधिकच नुकसान होते. शंकर यांचा रजनीकांत यांची भूमिका असलेला तमिळ ‘एंदिरन’ २०१० मध्ये हिंदीत ‘रोबोट’ या नावाने आला, तेव्हा बोलणे झाले ते शेवटी शेकडो यंत्रमानव एकमेकांना चिकटून महाकाय गोळा होतात त्याबद्दल. माझ्या मनात राहिला तो त्याआधीचा आगीचा प्रसंग. पेटलेल्या इमारतीतून चिट्टी हा यंत्रमानव एकेकाला बाहेर आणतो आणि स्नान करत असलेल्या एका मुलीलाही तशाच अवस्थेत उचलून लोकांसमोर आणि कॅमेऱ्यांसमोर उभी करतो. ती लाजेने धावत सुटते आणि ट्रकखाली सापडते. माणसाला इजा होऊ द्यायची नाही, हा आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ मध्ये यंत्रमानवासाठी मांडलेला पहिला नियम. चिट्टी जीव वाचवायला जातो, पण अब्रू म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलेले नसते. विज्ञानकथेचा सगळा गाभा त्या एका प्रसंगात आहे, आणि तोही अशा चित्रपटात, ज्याला ‘मसाला’ म्हणून बाजूला सारणे फार सोपे होते.

घाईने दिलेला निकाल पुढे फिरवावा लागतो, हेही परीक्षकांनी ध्यानात ठेवावे. रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत लागला, तेव्हा तो संथ आणि रुक्ष असल्याची तक्रार झाली आणि धंदाही बेताचा झाला. १९९३ मध्ये त्याच चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवड झाली.

मराठी वाचकाला हे पेलणार नाही, असे कृपया कुणी म्हणू नये. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला बक्षीस मिळाले. लेखक होते डॉ. जयंत नारळीकर. त्यानंतर त्यांच्या, बाळ फोंडके यांच्या आणि लक्ष्मण लोंढे यांच्या कथा आमच्या पिढीने मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून वाचल्या. शाळेच्या ग्रंथालयातली नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या कथासंग्रहाची प्रत इतक्या हातांतून फिरली, की तिला दोनदा बांधणी करावी लागली. तो वाचक डोके घरी ठेवून कुठेही जात नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर सर गेले, तेव्हा आपल्याच दैनिकाने त्यांच्यावर पानभर मजकूर छापला होता. त्याच दैनिकात विज्ञानपटाचे परीक्षण चार विशेषणांत उरकलेले पाहून वाईट वाटते.

माझा नातू दिवाळीच्या सुटीत पुन्हा येणार आहे आणि त्याने आतापासून एका यंत्रमानवांच्या चित्रपटाचे नाव सांगून ठेवले आहे. त्या आठवड्यात आपल्या परीक्षकांनी कथा निम्मीच सांगितली आणि तारे दिलेच नाहीत तरी चालेल. त्या जगाचा नियम काय आहे आणि तो शेवटपर्यंत पाळला आहे का, मारामारी डोळ्यांना कळते का, आणि नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवावे का, एवढे मात्र त्यांनी लिहावे. ते परीक्षण मी त्याला वाचून दाखवीन आणि मगच तिकिटे काढीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड